पनवेलचे आमदार दि. बा. पाटील

अब्राहम लिंकन अमेरिकेचे अध्यक्ष झाले हें सर्वांस ठाऊक असतें; परंतु तत्पूर्वीं इलिनॉय राज्याच्या विधिमंडळांत १८३४ पासून त्यांनीं चार मुदती काढल्या, याची आठवण फारसे कोणी ठेवीत नाहीं. राज्याच्या सभागृहांतील सभासदाची कारकीर्द इतिहासकारांना नेहमींच धाकटी वाटत आली आहे. ती तशी नसते, हें पाहावयास पनवेलपलीकडे जाण्याचें कारण नाहीं.

उरण तालुक्यांतील जासई गांवीं १९२६ सालीं जन्मलेले दिनकर बाळू पाटील, म्हणजेच ‘दिबा’, हे व्यवसायानें वकील व शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी. १९५७ सालीं पनवेलहून ते तेव्हांच्या द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेंत गेले. पुढें १९६२, १९६७, १९७२ व १९८० सालींही निवडून आले. १९७२ नंतर ते विरोधी पक्षनेते होते. पक्षाला स्वतःचें बहुमत मात्र कधींच लाभलें नाहीं. संख्याबळ नसलेल्या सभासदानें करावें तरी काय?

मुंबईची गर्दी हलविण्यासाठीं १९७० सालीं सिडको स्थापन झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गांवांची जमीन संपादण्याचें ठरलें. मोबदला रोख. रोख रक्कम लग्नकार्यांत, घरदुरुस्तींत सरते. भातखाचर किंवा मिठागर गेलें तें गेलेंच. त्याच जमिनीवर उठणाऱ्या नगराच्या वाढत्या किमतींत मूळ धन्याचा वांटा कां नसावा, हा दिबांच्या लढ्याचा गाभा होता. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं उरण तालुक्यांत पोलिसांनीं गोळीबार केला. पांच आंदोलक ठार झाले. त्याच वर्षअखेर मतदारांनीं दिबांना दुसऱ्यांदा लोकसभेंत पाठविलें.

संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के क्षेत्र विकसित भूखंडाच्या रूपानें परत देण्याचें तत्त्व सरकारनें १९९० सालीं मान्य केलें. म्हणजे एकरामागें पांच गुंठे, त्यांतूनही सार्वजनिक सोयींसाठीं कांहीं भाग वजा! पुष्कळांनीं हे भूखंड बांधकाम-व्यावसायिकांना विकून टाकले, हेंही खरें. तथापि शेतकरी हा केवळ भरपाईचा याचक नसून नव्या नगराचा भागीदार आहे, ही गोष्ट सरकारी कागदावर आली.

दिबा २०१३ सालीं वारले. नव्या विमानतळाला त्यांचें नांव मिळावें म्हणून २०२१ सालीं गांवकरी रस्त्यावर उतरले. पुढल्या वर्षीं विधिमंडळानें तसा ठराव केला. सभागृह तेंच, जेथें दिबा विरोधी बाकांवर बसत असत.