झेरॉक्सच्या आधीची झेरॉक्स

परीक्षेच्या आदल्या रात्री कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे लागणारी रांग आठवतेय? परवा एका डच प्राध्यापकाबद्दल वाचताना मला तीच आठवली.

हर्मन बूरहावे. १७१८ पासून हा माणूस लायडनला मेडिकलच्या पोरांना केमिस्ट्री शिकवायचा. वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र आधीपासून त्याच्याकडेच होतं! लेक्चर लॅटिनमधून, पण शिकवणं कोरडं नाही. दूध, अंडं, चक्क लघवीसुद्धा तापवून, आटवून त्यातून काय काय निघतं ते सांगायचा. आणि थर्मामीटर कोणाचे, तर खुद्द फॅरनहाइटने बनवलेले. (आमच्या लॅबमध्ये दहा जणांत एक असायचा, तोही फुटका.)

पोरं भराभर उतरवून घ्यायची. १७२४ मध्ये त्या नोट्स थेट पुस्तक म्हणून छापल्या गेल्या, त्याच्या नावावर, त्याला न विचारता. वर चुका भरपूर. १७२७ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतरही बाजारात! विचार करा, तुम्ही न लिहिलेल्या कोडमधले बग्ज तुमच्या नावावर खपतायत, आणि वाचणारे उद्याचे डॉक्टर.

बूरहावे भडकला. १७२९ मध्ये तब्येतीपायी त्याने केमिस्ट्री शिकवणं सोडलं होतं, तरी १७३२ मध्ये स्वतःचं 'एलेमेंटा केमिए' काढलंच. दोन जाडजूड खंड. अस्सल प्रत ओळखू यावी म्हणून प्रतींवर स्वतःच्या हाताने सह्या केल्या. डिजिटल सिग्नेचरच की ही!

मला मात्र त्या पोरांचा राग येत नाही. त्यांनी ढापलं नसतं, तर साहेब लिहायला बसले असते का? मला तरी शंका आहे.