लुटुपुटूची लढाई आणि खरी तालीम

सांगलीत व्याख्यान म्हटलं की विषय नाटकाचा असेल किंवा कृष्णाकाठच्या इतिहासाचा, असं आपण धरून चालतो. आज मी विमानांबद्दल बोलणार आहे, तेही घरात बसून उडवायच्या लढाऊ विमानांबद्दल.

त्याचं कारण घरातलंच आहे. माझा नातू आठवड्यातून दोन रात्री जेवण झाल्यावर कानाला हेडफोन लावतो, हातात जॉयस्टिक घेतो, पायाखाली पेडल ठेवतो आणि दुसऱ्या महायुद्धातलं विमान उडवतो. बरोबर आठ-दहा जण असतात. एक साताऱ्याचा, एक कराडचा, दोघं-तिघं युरोपातले. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा तिकडे संध्याकाळ असते. आधी प्रमुख नकाशावर मोहीम समजावून देतो. मग जोड्या ठरतात. उड्डाण झाल्यावर कोण कुठे चुकला यावर चर्चा होते, आणि ती उड्डाणापेक्षाही लांबते. मी त्याला विचारलं, “अरे, हा खेळ आहे की अभ्यास?” तो म्हणाला, “आजोबा, आधी विमान उतरवून दाखवा, मग विचारा.” मी बसलो, आणि तीनदा आपटलो. त्या रात्रीपासून मी या विषयाचा इतिहास शोधायला लागलो.

आता गंमत बघा. हा इतिहास एका वाद्यांच्या कारखान्यात सुरू होतो. अमेरिकेत बिंगहॅम्टन नावाच्या गावात एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. लिंकना विमानाचं वेड होतं, पण शिकणं फार महाग. त्यांनी 1920च्या दशकाच्या अखेरीस कारखान्यातलेच भाते, झडपा आणि हवेचा पंप वापरून एक लाकडी विमान तयार केलं. ते जागचं हलत नसे, पण दांडा ओढला की डावी-उजवीकडे कलायचं, नाक वर-खाली करायचं. आपल्या संगीत नाटकातल्या पायपेटीच्या भात्याची आठवण काढा, म्हणजे त्याची रचना लगेच लक्षात येईल.

सुरुवातीला विमानशिक्षणाच्या शाळांनी ते मनावर घेतलं नाही. बरीच यंत्रं करमणुकीच्या बागांत गेली. पैसे टाका आणि झुला! मग 1934 साल आलं. अमेरिकी सैन्याच्या विमानदलाकडे टपाल वाहून नेण्याचं काम सोपवलं गेलं. धुक्यात, रात्री, नुसत्या उपकरणांकडे पाहून उडण्याची सवय बहुतेकांना नव्हती, आणि काही आठवड्यांतच अनेक वैमानिक अपघातांत मेले. तेव्हा सैन्याने लिंककडून सहा यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशी दहा हजारांहून अधिक यंत्रं बनली आणि लाखो वैमानिक त्यांत बसून शिकले. निळ्या रंगामुळे त्यांना ‘ब्लू बॉक्स’ म्हणत. म्हणजे करमणुकीचं खेळणं माणसं मेल्यावर शाळा बनलं.

याच्या नेमकं उलट उदाहरण इथून दहा किलोमीटरवर आहे. मिरजेचे शिकलगार मूळचे शस्त्रांचे कारागीर. काळ बदलला, शस्त्रांची मागणी उतरली, आणि एकोणिसाव्या शतकात हेच हात सतार-तंबोरे घडवायला लागले. तिकडे वाद्याचं कसब युद्धाच्या कामी आलं, इकडे शस्त्राचं कसब वाद्याच्या. हाताचं कौशल्य स्वतःहून कुठल्याच बाजूचं नसतं. बाजू ठरते ते वापरण्यात.

पुढे संगणक आला. ब्रूस आर्टविक यांचं घरगुती संगणकावरचं पहिलं ‘फ्लाइट सिम्युलेटर’ 1979-80चं. त्या रेघारेघांच्या जगातही पहिल्या महायुद्धातली एक हवाई झुंज होतीच. 1998मध्ये ‘फाल्कन 4.0’ आलं, 2001मध्ये रशियातून ‘इल-2 स्टुर्मोविक’. फाल्कनची मूळ संगणकीय संहिता 2000 साली बाहेर फुटली, आणि जगभरच्या हौशी मंडळींनी तो खेळ पदरमोड करून आजवर जिवंत ठेवला. कुणी जुनी हस्तपुस्तकं वाचून इंजिनाचं वागणं तपासतं, कुणी पंखांवरचा रंग. कीर्तन मंडळ किंवा हौशी नाट्यसंस्था जशी चालते, तसंच हे चालतं.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, ते इथे उपयोगी पडतात. एक ‘लुटुपुटूची लढाई’. तिचा नियम एकच: आपण खेळतोय हे दोन्ही पक्षांना ठाऊक असतं. दुसरा शब्द ‘तालीम’. पैलवान मातीत घुमतो तीही तालीम, आणि नाटकाआधी नट करतो तीही तालीम. 1843मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं त्या या गावात दोन्ही तालमी शेजारी शेजारी नांदल्या. तालमीत पडायची मुभा असते, कारण पुढे कुस्ती किंवा प्रयोग असतो.

सैनिकाचा सिम्युलेटर ही तालीम आहे. पुढचा प्रयोग खरा असतो. साताऱ्यात 1961 साली देशातली पहिली सैनिकी शाळा सुरू झाली. पुढे वायुदलप्रमुख झालेले प्रदीप नाईक तिथलेच विद्यार्थी. त्याच जिल्ह्यात अपशिंगे गाव आहे, नावापुढे ‘मिलिटरी’ लावणारं. तिथल्या घरांना प्रयोगाची किंमत माहीत आहे. माझ्या नातवाच्या उड्डाणापुढे मात्र प्रयोग नाही. वेगाने वळताना डोक्यातलं रक्त उतरत नाही, आणि आपटलं की पुन्हा सुरुवात करता येते. मग ही तालीम कशाची?

माझ्या मते, खरं-खोटं ओळखण्याची. फेब्रुवारी 2022मध्ये युक्रेनच्या युद्धात ‘कीव्हचं भूत’ म्हणून एका वैमानिकाची चित्रफीत जगभर फिरली. ती ‘डीसीएस’ नावाच्या अशाच सिम्युलेटरमधली होती. मे 2025मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात संगणकीय खेळांतली दृश्यं खरी म्हणून पसरली, आणि पत्र सूचना कार्यालयाला खुलासे करावे लागले. त्या दिवसांत आपल्या कौटुंबिक गटावर मीसुद्धा अशी एक फीत पुढे पाठवली होती, हे इथे कबूल करतो. तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट काही उपयोगी पडली नाही. नातवाने दहा सेकंदांत सांगितलं, “आजोबा, हा धूर खेळातला आहे. आणि एवढ्या वळणात खरं विमान टिकणारच नाही.”

मला तेव्हा कळलं की लुटुपुटूचा नियम मोडला होता तो मी, त्याने नाही. तो शंभर रात्री खोटं युद्ध खेळला आणि त्याला खोटं म्हणूनच ओळखत राहिला. मी एकदाही खेळलो नाही, आणि खोट्याला खरं समजून टाळ्या वाजवल्या. ज्या घरातला मुलगा खरोखर सीमेवर असतो, त्या घरात ती फीत पोचली तर काय होत असेल, याचा विचार मी नंतर केला. तो आधी करायला हवा होता.

तेव्हा घरातली मुलं अशी विमानं उडवत असतील, तर एकदा शेजारी बसा. विमान उतरवून बघा. अजून मला धड जमलेलं नाही.