इंजिन बंद करण्याआधीचा एक मिनिट

रविवारी सकाळी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या स्टिअरिंगखाली डोकं खुपसून पडलो होतो. हातात टेस्टर, दातांत इन्सुलेशन टेप, आणि शेजारच्या सीटवर ऑनलाइन मागवलेली एक छोटी डबी. टर्बो टायमर. गाडी बाबांची, जुनी डिझेल हॅचबॅक. घरी आल्यावर ती लगेच बंद करायची नाही, मिनिटभर नुसती चालू ठेवायची, असा बाबांचा नियम होता. मला तो मिनिट फार जड जायचा. तो आपल्याऐवजी कुणीतरी थांबावं, म्हणून ही डबी.

जोडणी अवघड नसते. इग्निशन स्विचच्या मागे बॅटरीची कायम चालू असलेली वायर येते, तिथूनच इग्निशनची आणि ॲक्सेसरीची वायर निघते. टायमर यांच्या मधे बसतो. चावी काढली तरी आतला रिले इग्निशनच्या वायरला करंट देत राहतो, ठरवलेले सेकंद संपले की तोडतो. शिवाय एक अर्थिंग आणि एक हँडब्रेकची वायर. चावी नसताना कुणी हँडब्रेक खाली केला, तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडावं यासाठी ती शेवटची वायर. व्हिडिओत बरेच जण ती जोडायचा कंटाळा करतात. मी जोडली. दोन तासांत काम झालं आणि मी स्वतःवर खूश होऊन वर गेलो.

त्या मिनिटामागे किती मोठा इतिहास आहे, हे मी नंतर वाचलं.

इंजिनात जाळलेल्या इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर जाते. ही फुकट जाणारी ऊर्जा पकडायची कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरची, पेटंट १९०५ सालचं. धुराच्या झोताने एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसरं चक्र बसवायचं, आणि त्याने इंजिनात जास्त हवा कोंबायची. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं, जास्त ताकद मिळते. कल्पना कागदावरून समुद्रावर यायला वीस वर्षं लागली. १९२६ च्या सुमारास ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो लागले आणि त्यांची ताकद १,७५० अश्वशक्तीवरून २,५०० वर गेली.

दरम्यान अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचा सॅनफोर्ड मॉस विमानांच्या मागे लागला होता. उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम जातो. १९१८ मध्ये त्याने लिबर्टी जातीचं विमानाचं इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक या डोंगरावर, सुमारे १४,००० फुटांवर नेलं. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर २३० पर्यंत घसरलं. टर्बो जोडल्यावर पुन्हा ३५० च्या वर गेलं. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर उंच उडायचे ते याच तंत्रावर.

जहाजावर इंजिनाजवळ इंजिनिअरांची पाळी असते. बॉम्बरमध्ये प्रशिक्षित माणसं असतात, त्यांच्याकडे सूचनांची यादी असते. इंजिन कधी तापवायचं, कधी निवू द्यायचं, हे ठरलेलं असतं. म्हणजे टर्बोच्या पहिल्या पन्नासेक वर्षांत त्याच्यासाठी थांबणं हे कुणाचं तरी पगारी काम होतं.

मग टर्बो तुमच्या-आमच्यासारख्यांच्या गाडीत आला. १९६२ मध्ये अमेरिकेत शेव्हरलेची कोर्व्हेर मॉन्झा स्पायडर आणि ओल्डस्मोबिलची जेटफायर या टर्बोवाल्या गाड्या विक्रीला आल्या. जेटफायरची गोष्ट मला फार शिकवणारी वाटते. दाबून भरलेल्या हवेमुळे तिच्या इंजिनात इंधन अवेळी पेटू नये म्हणून एक वेगळं द्रव आत फवारलं जायचं: ऊर्ध्वपातित पाणी आणि मेथेनॉल यांचं मिश्रण. नाव ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’. त्याची टाकी मालकाने भरत राहायची. मालक विसरायचे. टाकी रिकामी झाली की गाडी आपला जोर कमी करायची, आणि मालक वैतागायचे. दोन वर्षांत दहा हजारांहून कमी गाड्या बनल्या आणि मॉडेल बंद झालं. पुढे कंपनीने बऱ्याच मालकांना टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवून दिला. मालकाच्या शिस्तीवर अवलंबून असलेलं यंत्र टिकत नाही, हा त्यातला धडा.

सत्तरच्या दशकात टर्बो परत आला. १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो, मग पोर्शे ९११ टर्बो, मग साब. या वेळी मालकाला टाकी भरायची नव्हती, फक्त थांबायचं होतं.

कारण असं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेऱ्या घेतो. तो ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, तिथे तेलाचा पातळ थर त्याला तोलून धरतो. जोरात चालवलेल्या पेट्रोल गाडीत शेजारच्या चक्रावर आदळणारा धूर ९०० अंशांच्या वर जातो. इंजिन चालू आहे तोवर वाहतं तेल ही उष्णता घेऊन जातं. चावी फिरवली की तेल जागच्या जागी थांबतं, पण लोखंड तापलेलंच असतं. फोडणीची लोखंडी पळी आठवा: गॅस बंद केला तरी मोहरी करपत राहते. तसंच बेअरिंगमधलं तेल करपतं, त्याचा काळा कोळसा साचतो, तेलाच्या वाटा बुजतात, आणि एक दिवस टर्बो बसतो. मिनिटभर इंजिन संथ चालवलं की धूर निवतो, लोखंड निवतं, मग बंद करायला हरकत नाही. आम्ही कामावर सर्व्हर बंद करतानाही आधी हातातली कामं संपू देतो. तेच हे.

हा मिनिट डबीत भरला जपानने. तिथे गाडीचा कर इंजिनाच्या आकारावर ठरतो, २,००० सीसी ओलांडले की खर्च वाढतो. लहान इंजिनातून मोठी ताकद काढणारा टर्बो तिथे रुजणारच होता. १९७९ मध्ये निस्सानने सेड्रिक आणि ग्लोरियामध्ये तो दिला, आणि पुढच्या दहा वर्षांत तिथल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीकडे टर्बो गाडी होती. फुजी पर्वताच्या पायथ्याशी १९७३ मध्ये सुरू झालेली एचकेएस, तसंच ब्लिट्झ, ग्रेडी अशा सुटे भाग बनवणाऱ्यांनी टर्बो टायमर विकायला काढले. काही टायमर तर गाडी आधी किती जोरात चालली होती, हे पाहून थांबायचे सेकंद स्वतः ठरवायचे. माणूस खाली उतरायचा, दार लावायचा, चालू लागायचा. मागे गाडी एकटीच धडधडत राहायची. तरुणांना त्याचीही ऐट होती.

पण खरं उत्तर त्याच काळात इंजिनाच्या आत तयार होत होतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून टर्बोच्या बेअरिंगभोवती पाणी खेळवायला सुरुवात झाली. इंजिन बंद झाल्यावरही गरम पाणी वर सरकतं, थंड पाणी त्याची जागा घेतं. पंप नसतानाही लोखंड निवत राहतं. कृत्रिम तेलं आली, ती सहज करपत नाहीत. आता अनेक गाड्यांत विजेचा छोटा पंप इंजिन बंद झाल्यावरही काही मिनिटं पाणी फिरवतो. टायमरची गरज हळूहळू संपत गेली. दुसरीकडे जर्मनीच्या वाहतूक नियमांत इंजिन उगाच चालू ठेवायला मनाई आहे आणि जपानमध्ये टोकियोसह अनेक प्रांतांनी थांबलेल्या गाडीचं इंजिन बंद करण्याचे नियम केले. एकेकाळची ऐट नियमबाह्य झाली.

आपल्याकडे टर्बो घराघरांत आला तो डिझेलबरोबर. १९९८ ची टाटा सफारी, २००७ ची डिझेल स्विफ्ट. स्विफ्टमधलं फियाटचं १.३ लिटरचं इंजिन पुण्याजवळ रांजणगावलाही बनायचं, आणि इतक्या कंपन्यांनी वापरलं की लोक त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे. डिझेलचा धूर पेट्रोलच्या मानाने कमी तापतो. त्यात माझी गाडी रोज ट्रॅफिकमधून रांगत घरी यायची. म्हणजे सोसायटीत शिरेपर्यंत तिचा टर्बो आधीच निवलेला असायचा. माझ्या डबीला करण्यासारखं काम फारसं नव्हतंच.

हे मला पुस्तकाआधी तळमजल्यावरच्या आजींनी समजावलं. टायमर लावून दोनेक आठवडे झाले होते. संध्याकाळी जिन्यात त्यांनी मला अडवलं. “अरे, तू वर गेल्यावर तुझी गाडी कोणासाठी चालू असते?” मी उत्साहाने तेल, बेअरिंग, उष्णता सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “असेल बाबा. पण तिचं तोंड माझ्या खिडकीकडे आहे. ह्यांना दमा आहे, मला रोज खिडकी लावून घ्यावी लागते.”

मी माझा मिनिट डबीला दिला असं समजत होतो. प्रत्यक्षात तो मी त्यांना दिला होता.

नंतर कळलं, की कायद्यालाही हे नामंजूर आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १२६: सार्वजनिक जागी थांबलेल्या गाडीत परवानाधारक माणूस ड्रायव्हरच्या सीटवर तरी हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा. म्हणजे मंडईबाहेर गाडी धडधडत ठेवून मी कोथिंबीर घ्यायला जायचो, तो उघड गुन्हाच होता.

पुढच्या रविवारी मी पुन्हा स्टिअरिंगखाली शिरलो आणि डबी काढली. काढायला वीस मिनिटं लागली. बाबा शेजारी उभे होते, काही बोलले नाहीत. मीच विचारलं, मग हायवेवरून जोरात आल्यावर काय करायचं?

“शेवटचा किलोमीटर हळू यायचं,” ते म्हणाले. “तेवढ्यात निवते ती.”