शाश्वत पोलादी सांगाडा

शाश्वत पोलादी सांगाडा : सार्वजनिक इमारतीचा भार कमीत कमी पोलादात पेलणारी आणि इमारत मोडल्यावर पुन्हा वापरता येणारी स्तंभ-तुळयांची रचना.

या कल्पनेचे मूळ पोलादाआधीच्या ओतीव लोखंडात आहे (→ लोखंड). जोसेफ पॅक्स्टन यांचा क्रिस्टल पॅलेस लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ च्या प्रदर्शनासाठी उभा राहिला. नंतर तो सुटा करून १८५४ मध्ये सिडनहॅम येथे मोठ्या आकारात पुन्हा बांधला गेला. मुंबईतील वॉटसन हॉटेलचा ओतीव लोखंडी सांगाडाही इंग्लंडमध्ये घडवून इथे आणून जोडलेला आहे.

झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलाद होताना सुमारे दोन टन कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो, तेव्हा असे द्रव्य शाश्वत कसे, हा आक्षेप रास्त आहे. भंगारापासून विद्युत भट्टीत केलेल्या पोलादाचे उत्सर्जन पुष्कळ कमी असते (→ पोलाद). पण भंगार जगाच्या मागणीला पुरत नाही, म्हणून केवळ तसे पोलाद मागवणे हे पुरेसे उत्तर नव्हे. खरी बचत आराखड्यातच होते. स्तंभांमधील अंतर विनाकारण वाढवले की तुळया जड होतात. सांधे वेल्डिंगऐवजी बोल्टचे ठेवले, तर तुळई अखंड निघते. काँक्रीटच्या तक्तपोशीशी ती कायमची जखडली, तर निघत नाही. आगीत पोलाद दुबळे होते, ही दुसरी शंकाही खरी आहे. त्यासाठी अग्निरोधक लेप किंवा आवरण लागते आणि त्याचा भारही हिशेबात धरावा लागतो. पोलादाची प्रत व सांध्यांचे नकाशे इमारतीच्या दप्तरी जपलेले नसतील, तर सुस्थितीतील तुळईही बहुधा भंगारातच जाते.