वादळ गोल फिरतं हे कळलं कसं?

‘चक्रीवादळ’ हा शब्द आज वर्गातल्या प्रत्येक मुलाला माहीत असतो. पण वादळ चक्राकार फिरतं, हे माणसाला कळलं कसं? वादळात सापडलेल्याला तर एका वेळी एकाच दिशेचा वारा जाणवतो. आणि वरून पाहायला तेव्हा उपग्रह नव्हते.

एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याला हेन्री पिडिंग्टन नावाचे इंग्रज गृहस्थ राहत. पूर्वी ते जहाजावर नोकरीला होते. अमेरिकेतले विल्यम रेडफील्ड आणि ब्रिटिश अधिकारी विल्यम रीड यांनी अटलांटिकमधली वादळं गोल फिरतात, असं दाखवलं होतं. आपल्याकडच्या समुद्रातही असंच घडतं का? पिडिंग्टननी वादळातून वाचलेल्या जहाजांच्या नोंदवह्या जमवल्या. एकाच वेळी कोणतं जहाज कुठे होतं आणि तिथे वारा कुठून येत होता, हे नकाशावर मांडलं की उत्तर दिसू लागतं : बाणांचं वर्तुळ होतं.

१८४८ साली त्यांनी खलाशांसाठी पुस्तक लिहिलं. त्यात ‘सायक्लोन’ हा शब्द प्रथम आला. मूळ ग्रीक शब्दात सापाच्या वेटोळ्याचा अर्थ आहे. पुस्तकासोबत शिंगाच्या पारदर्शक चकत्या होत्या. त्या नकाशावर ठेवून वादळाचं केंद्र ओळखता येई. नियम सोपा : उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा, केंद्र साधारण उजव्या हाताला असतं.

पिडिंग्टनना आणखी एक धोका दिसत होता. कलकत्त्याच्या आग्नेयेला मातला नदीवर नवं बंदर उभारायचं घाटत होतं. १८५३ मध्ये त्यांनी गव्हर्नर-जनरल डलहौसींना जाहीर पत्र लिहून बजावलं, की एक दिवस वादळाबरोबर समुद्र आत येईल आणि ही वस्ती ५ ते १५ फूट पाण्याखाली जाईल. वादळात हवेचा दाब घटल्यामुळे पाणी थोडंच चढतं. दर हेक्टोपास्कलला सुमारे १ सेंटिमीटर. खरं संकट आणतो तो वारा. तो पाणी किनाऱ्याकडे ढकलतो, आणि बंगालच्या उपसागराचं टोक उथळ व निमुळतं असल्यामुळे त्या पाण्याला पसरायला जागाच उरत नाही.

पत्राकडे दुर्लक्ष झालं. पोर्ट कॅनिंग उभं राहिलं. १८५८ मध्ये पिडिंग्टन वारले. १ नोव्हेंबर १८६७ च्या वादळात सुमारे ६ फुटांची लाट बंदरावरून गेली. काही वर्षांतच ते सोडून द्यावं लागलं.

त्याआधी, ऑक्टोबर १८६४ मध्ये, कलकत्त्याच्या वादळात सुमारे ६०,००० माणसं गेली होती. त्या वादळानं आणि पुढच्या दुष्काळांनी सरकारला जाग आणली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं.

वर्गात आठ मुलांना आठ ‘जहाजं’ करा. प्रत्येकाला वाऱ्याची दिशा लिहिलेली चिठ्ठी द्या आणि फळ्यावर बाण काढायला सांगा. केंद्र मुलं स्वतःच शोधतील. मग पोर्ट कॅनिंगची गोष्ट सांगा आणि विचारा : उत्तर सापडलं होतं, मग बंदर का बुडालं?