सुमात्र्याचा किल्ला आणि परदेशवारीचा फॉर्म

परदेशवारीच्या विम्याचा दावा फेटाळणाऱ्या पत्रात एक वाक्य बहुधा असतेच: प्रस्तावकाने पूर्वीपासूनच्या आजाराची माहिती दडवली, सबब भरपाई देय नाही. घरच्यांना हा कंपन्यांनी अलीकडे काढलेला कावा वाटतो. प्रत्यक्षात या वाक्यामागचा नियम अडीचशे वर्षांहून जुना आहे. मालमत्तेच्या आणि जहाजांच्या विम्यात तो घडला आणि माणसाच्या शरीराला पुढे लागू झाला. माझे म्हणणे इतकेच की, मूळ नियमाला दोन बाजू होत्या. विमा घेणाऱ्याने सांगायचे होते आणि विमा देणाऱ्याने विचारायचे होते. वाटेत दुसरी बाजू गळाली आणि ती परत आणायला न्यायालयांना दोन शतके लागली.

ज्या निकालापासून ही गोष्ट मोजतात तो 1766 चा, इंग्लंडमधला, लॉर्ड मॅन्सफील्ड यांचा. सुमात्र्याच्या किनाऱ्यावर बेंकुलेनला ईस्ट इंडिया कंपनीची मिऱ्याची वखार होती आणि तिच्या रक्षणाला फोर्ट मार्लबरो नावाचा किल्ला. तिथल्या गव्हर्नराने, कार्टरने, परकी शत्रूने किल्ला घेतल्यास भरपाई मिळावी म्हणून लंडनमध्ये वर्षाचा विमा उतरवला. 1760 मध्ये फ्रेंचांनी किल्ला खरोखरच घेतला. बोहम नावाच्या विमा देणाऱ्याने पैसे द्यायला नकार दिला. किल्ला कच्चा आहे, युरोपीय तोफांपुढे टिकणारा नाही आणि फ्रेंच येण्याची शक्यता आहे, हे गव्हर्नराला ठाऊक होते, पण त्याने सांगितले नाही, असा त्याचा बचाव. ज्या निकालाचा दाखला देऊन आजवर असंख्य दावे फेटाळले गेले, तो निकाल विमा घेणाऱ्याच्या बाजूने लागला, हे सहसा कुणी सांगत नाही. मॅन्सफील्ड यांचा मुद्दा सरळ होता. एका बाजूलाच ठाऊक असलेली गोष्ट दडवून दुसऱ्याला फसवता कामा नये, हे खरे. पण जे विमा देणाऱ्याला माहीत आहे, किंवा त्याच्या धंद्यात माहीत असायलाच हवे, ते सांगण्याची गरज नाही. युद्धाची हवा लंडनमध्येही कळत होती. गव्हर्नरच विमा उतरवतो आहे हे दिसत असताना बोहमने एक प्रश्नही विचारला नाही, हप्ता मात्र घेतला. विचारायचे नाही, पैसे घ्यायचे आणि नुकसान झाले की 'सांगितले नाही' म्हणायचे, हीच अप्रामाणिकता, असा त्या निकालाचा रोख आहे.

प्रवासाचा विमा आला तो या वादापासून पुष्कळ दूर, रेल्वेच्या खिडकीवर. 1849 मध्ये लंडनमध्ये 'रेल्वे पॅसेंजर्स अॅश्युरन्स कंपनी' स्थापन झाली आणि तिकिटासोबत अपघाताचा विमा विकू लागली. पहिल्या वर्गाला तीन पेनीत हजार पौंड, दुसऱ्याला दोन पेनीत पाचशे, तिसऱ्याला एका पेनीत दोनशे. प्रवाशाच्या छातीत कळ येते का, लघवीत साखर जाते का, असे कुणी विचारत नव्हते. विचारायचे कारणच नव्हते, कारण जोखीम रुळांची होती, देहाची नव्हती. आपल्याकडे 2016 च्या सप्टेंबरात आयआरसीटीसीने ई-तिकिटावर 92 पैशांत दहा लाखांचे अपघाती संरक्षण सुरू केले, तेही याच वंशातले. तिथेही प्रकृतीचा रकाना नाही.

प्रकृतीचा रकाना आला आयुर्विम्यातून. सॅक्स-गोथाच्या जर्मन ड्यूकच्या आयुष्यावर त्याच्या एका धनकोने लंडनमध्ये विमा घेतला. डॉक्टरांनी तब्येतीचा दाखला दिला, पण ड्यूकची वाचा गेली आहे आणि बुद्धीही मंदावली आहे, हे त्यात आले नव्हते. तो 1825 मध्ये वारला, तेव्हा मेंदूत गाठ निघाली. 1828 च्या निकालात न्यायाधीशांनी म्हटले की, एखादी बाब महत्त्वाची होती की नाही एवढेच पाहायचे. ती सांगणाऱ्याला महत्त्वाची वाटली होती का, हा प्रश्न गैरलागू. मला वाटते, गाडी रुळावरून घसरली ती इथे. जहाजाच्या मालकाला आपले जहाज कळते, किल्लेदाराला किल्ला कळतो. स्वतःच्या शरीरात काय चालले आहे हे मात्र माणसाला डॉक्टर सांगेल तेवढेच कळते, आणि त्यातले विमा कंपनीला काय महत्त्वाचे वाटेल, हे तर डॉक्टरही सांगू शकत नाही. 1906 च्या ब्रिटिश सागरी विमा कायद्याने हे कर्तव्य लेखी पक्के केले. पुढे तोच धागा घरगुती पॉलिसींनाही लावला गेला.

आपल्याकडे परदेशवारीचा मेडिक्लेम रुळला तो मुले अमेरिकेत गेल्यावर. पुण्या-ठाण्याचे आईवडील लेकी-सुनांच्या बाळंतपणाला निघतात, एजंट फॉर्म भरतो, 'कुठला आजार आहे का?' या ओळीसमोर 'नाही' अशी खूण करतो आणि सहीपुरते कागद पुढे सरकवतो. दावा आला की तपासनीस बिलाच्या आधी केस पेपर काढतो. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने घाईत लिहिलेली एक ओळ, 'मधुमेह, रक्तदाब, आठ वर्षे', सगळा निकाल ठरवते.

यावर आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. प्रत्येकाने दडवले तर खरे बोलणाऱ्याचा हप्ता वाढतो आणि अमेरिकेतल्या इस्पितळाचे बिल शेवटी इतर पॉलिसीधारक भरतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सतवंत कौर संधू प्रकरणात हेच धरून विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पॉलिसी घेतानाच माणसाला जुना मधुमेह होता, मूत्रपिंडे निकामी झाली होती, आणि त्याने ते लिहिले नव्हते. तो निकाल योग्यच होता. डायलिसिसवर असलेल्या माणसाला आपण आजारी आहोत हे कुणी सांगायला लागत नाही. पण ही उघड फसवणूक आणि फॉर्मचा घोळ यांत फरक आहे, आणि तो डिसेंबर 2021 मध्ये त्याच न्यायालयाने दाखवला. 2009 च्या मे महिन्यात एका प्रवाशाला सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच दरदरून घाम फुटला, इस्पितळात तीन स्टेंट बसवावे लागले. त्याचा मधुमेह कंपनीला पॉलिसी देतानाच माहीत होता. तो कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनच्या गोळ्या घेत होता आणि ते लिहिले नव्हते, हे कारण पुढे करून दावा नाकारला गेला. मधुमेह्याला स्टॅटिन प्रतिबंध म्हणून देतात, त्यावरून दडवलेला आजार सिद्ध होत नाही. आणि प्रकृती पाहून, जोखीम जोखून पॉलिसी दिल्यावर तेच कारण मागाहून पुढे करता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. बोहमला मॅन्सफील्ड यांनी जे सुनावले होते तेच हे, फक्त किल्ल्याच्या जागी हृदय. प्रवाशाला मात्र बारा वर्षे थांबावे लागले.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. कंपनी विचारून विचारून किती विचारणार? उत्तर ब्रिटनने देऊन ठेवले आहे. तिथे 2012 च्या कायद्याने सामान्य ग्राहकावरचे 'आपणहून सगळे सांगा' हे ओझे काढले. विचारलेल्या प्रश्नांना वाजवी काळजी घेऊन खरे उत्तर द्यावे, एवढेच उरले. विम्याचा धंदा त्याने बुडाला नाही. फॉर्म बदलले. आपल्या नियामकानेही 2002 च्या विनियमांत ठरवले होते की, प्रस्ताव फॉर्मच नसेल आणि मिळालेल्या माहितीची नोंद कंपनीने ठेवली नसेल, तर दडवल्याचा पुरावा कंपनीनेच द्यायचा.

तरी परदेशवारीवाल्याची एक अडचण राहतेच. विमा कायद्याच्या 45 व्या कलमाने तीन वर्षांनंतर पॉलिसीला हात लावता येत नाही, पण ते कलम आयुर्विम्यापुरते आहे. आरोग्यविम्याला 2024 पासून साठ महिन्यांची मुदत आहे. सलग तेवढे हप्ते भरले की, सिद्ध झालेली फसवणूक सोडून, न सांगण्याचे कारण चालत नाही. एका वारीची पॉलिसी तीस दिवसांची, फार तर सहा महिन्यांची. काळाने पक्की होणारी ही संरक्षणे तिला कधीच मिळणार नाहीत, आणि म्हणून तिच्यापुरता सारा भार फॉर्मवरच्या प्रश्नावर येतो. प्रश्नाच्या शब्दांवर, आणि फॉर्म नक्की कुणी भरला यावर.