स्वयंचलित गिअरबॉक्सची अतिउष्णता : निदानपद्धतीचा ऐतिहासिक विचार

यंत्रांच्या इतिहासात शोधांची नोंद तपशिलाने होते. बिघाड ओळखण्याच्या पद्धतींची मात्र सहसा होत नाही. मोटारीच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची अतिउष्णता हा प्रश्न या दृष्टीने उद्बोधक आहे. येथे उष्णता हा मुळात बिघाड नसून रचनेनेच मोजलेले मोल होय.

द्रवाच्या द्वारे शक्ती वाहून नेण्याच्या यंत्रणेचे पेटंट हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली घेतले, ते जहाजांसाठी. हे तत्त्व पुढे मोटारीत आले. १९४० च्या ओल्ड्समोबील गाड्यांतील हायड्रामॅटिकमध्ये द्रव-कपलिंगला चार गतींच्या गिअरची जोड होती. १९४८ च्या ब्यूइक डायनाफ्लोमध्ये मात्र नेहमीच्या चालीचा सारा भार टॉर्क कन्व्हर्टरवर पडला. गिअर बदलण्याचा झटका गेला. परंतु घसरणीत वाया जाणारी शक्ती उष्णतेच्या रूपाने तेलात उतरू लागली. पॅकार्डच्या अल्ट्रामॅटिकने १९४९ सालीच थेट जोडणीचा क्लच बसवून ही घसरण थांबविली. तथापि, हा उपाय अमेरिकेत रूढ होण्यास १९७८ च्या क्रायस्लर गाड्यांपर्यंत वाट पाहावी लागली.

निदानाची खरी अडचण तेलाच्या बहुविध कार्यात आहे. तेच तेल शक्ती वाहते, क्लच दाबते, वंगण देते आणि उष्णताही वाहून नेते. पातळी कमी झाली, तर पंप हवा ओढतो. जास्त झाली, तर फिरते भाग तेल घुसळून फेस करतात. दोन्ही प्रसंगी दाब उतरतो, क्लच घसरतात, उष्णता वाढते. त्या उष्णतेने तेलाचा कस जातो व घसरण आणखी वाढते. कारण आणि परिणाम येथे परस्परांत मिसळून जातात.

म्हणूनच काळवंडलेले तेल व जळका वास हा पुरावा अपुरा ठरतो. उष्णता झाली एवढेच तो सांगतो. ती कोठे उपजली, हे सांगत नाही. शिवाय पुढील काळातील काही तेले नित्याच्या वापरातही काळी पडू लागली.

यावर ‘स्टॉल’ चाचणीचा उपाय निघाला. ब्रेक दाबून धरून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा व इंजिनाचे फेरे मोजायचे. फेरे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असल्यास क्लच किंवा बँड घसरतो; कमी असल्यास इंजिन दुबळे आहे, किंवा कन्व्हर्टरमधील स्टेटरचा एकदिश क्लच धरत नाही. चाचणी काही सेकंदांतच आटोपावी लागते, कारण त्या अवधीत इंजिनाची जवळजवळ सारी शक्ती तेल तापविते. पण या चाचणीलाही मर्यादा आहे. स्टेटर कायमचा अडकला असल्यास फेरे योग्यच दिसतात आणि उष्णता मात्र महामार्गावरील वेगात वाढते. अशा वेळी कूलरमधील प्रवाह, तेलाचा दाब आणि गाडी कोणत्या स्थितीत तापते याची हकीकत, ही तिन्ही एकत्र तपासावी लागतात.

सारांश, या निदानपद्धतीचा विकास एकेका खुणेवरील विश्वास सोडून स्वतंत्र पुराव्यांची परस्परांशी पडताळणी करण्याच्या दिशेने झालेला दिसतो.